सुपडूआप्पांचा आक्सल

वर्तमानपत्रांचा गठ्ठा यायच्या आधी सुपडूआप्पा वाचनालयात हजर असत. शहाद्यात प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूला आमचं वाचनालय आणि बरोबर समोर त्यांचं गॅरेज. मधे रस्ता, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांनी सांडलेलं पाचट. गठ्ठा सुटला की आप्पा पहिलं पान, अग्रलेख, क्रिकेट सगळं ओलांडून थेट जिल्ह्याच्या पानावर जायचे आणि अपघाताच्या बातम्या वाचायचे. ओळीखाली बोट धरून. गाडी कुठली, मागून धडकली की स्वतःच उलटली, चाक निखळलं की ब्रेक गेला. मग पेपराची होती तशी घडी घालून मला सांगायचे, "आज कोणी नही." म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेली एकही गाडी आज कुठे पडलेली नव्हती. एवढं झालं की रस्ता ओलांडून शटर वर करायचे.

मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचक मी अनेक प्रकारचे पाहिले आहेत. फक्त शब्दकोडं वाचणारे पाहिले, आणि स्वतःचा सत्कार झाल्याची बातमी चार वेळा वाचून पान फाडून नेणारेही पाहिले. पण बातमी सापडली नाही म्हणून हलका होऊन जाणारा वाचक हा एकच.

सुपडू हे नाव खानदेशात उगाच ठेवत नाहीत. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्या बाळाला सुपात घालतात, उकिरड्यापर्यंत ओढत नेतात आणि टाकून दिलेलं म्हणून परत उचलून आणतात. ज्याची नजर असेल त्याला वाटावं, हे कोणालाच नकोय. मृत्यूला फसवायची ही युक्ती आप्पांच्या बाबतीत लागू पडली. मृत्यू फसला, आप्पा मात्र फसले नाहीत. तो आपल्याला शोधत कधीतरी येणार आणि बहुधा गाडीत बसून येणार, असं त्यांना वाटत असावं.

त्यांच्या काळजीचं कारण शोधणारे गावात बरेच होते. कोणी म्हणे, यांचा भाऊ अपघातात गेला. भाऊ दोंडाईच्याला मिरचीच्या धंद्यात सुखरूप होता आणि आप्पांपेक्षा दुप्पट जाड होता. कोणी म्हणे, तरुणपणी यांच्या हातून काही चूक झाली. तसंही काही नव्हतं. काही माणसं उंच असतात, काही काळी असतात, तसे आप्पा काळजीचे होते. शहाद्यात त्यांच्यापेक्षा हुशार मिस्त्री होते, हेही सांगून टाकतो. ते मिस्त्री गाडी झटपट करून द्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारायचे. आप्पा गाडी देताना "झाली" असं कधी म्हणाले नाहीत. "सध्या ठीक शे," म्हणायचे आणि किल्ली अशी द्यायचे, की घेणाऱ्याने ती घ्यावी की नाही याचा विचार करावा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "गाडी चालस, पण का बरं चालस हाई समजाले जोयजे." बंद पडलेल्या गाडीचं त्यांना काही वाटत नसे. बंद गाडी कोणाला मारत नाही. चालती गाडी पाहिली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. प्रत्येक नट आवळल्यावर ते त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढत, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. नट तसूभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसायची. रस्त्याने जाताना उभ्या गाडीखाली वाकून ते आपल्या रेघा बघत. दोनतीनदा लोकांनी त्यांना चोर समजून हटकलं. "झोपमा बी पाना फिरावस हाऊ माणूस," अशी तक्रार त्यांची बायको, इंदूआक्का, आलेल्यागेलेल्याजवळ करायची. तिच्या हातावर त्याची एक जुनी खूणही होती, असं ती सांगे.

मुलीच्या लग्नात पाठवणीची वेळ झाली. सगळा मांडव रडत होता आणि नवरीचा बाप सापडेना. शोधाशोध झाली तेव्हा फुलांनी सजवलेल्या गाडीखालून आप्पांचे नवे बूट बाहेर आलेले दिसले. बाप अश्रू लपवायला तिथे शिरला, असं पाहुण्यांनी आपसांत ठरवून टाकलं आणि आणखी रडून घेतलं. मी जवळच उभा होतो. आप्पा रडत नव्हते. गाडी सुरतपर्यंत जाणार होती आणि ते स्टिअरिंगचे जोड हलवून बघत होते. रडले ते नंतर, जोड ठीक निघाल्यावर.

अशा माणसाकडे भैयासाहेबांची जीप यावी, हे दोघांचंही दुर्दैव. भैयासाहेब म्हणजे कळसाडीकडचे एक होतकरू युवा नेते. कोणत्या पदासाठी होतकरू, ते अजून ठरलेलं नव्हतं, पण फलक लागून राहिले होते. डोंगरदऱ्यांत चालवायच्या जीपगाड्यांची चित्रं त्यांनी मोबाइलवर पाहिली आणि तशी एक आपल्याकडे असावी असं त्यांच्या मनाने घेतलं. जुनी जीप घेतली, छातीएवढी उंच चाकं घेतली. एवढ्या चाकांना जीपचा मूळचा मागचा आक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमधली जाड नळी आणि तिच्या आतले फिरते दांडे, पुरणार नव्हता, म्हणून गुजरातच्या भंगार बाजारातून एका जड गाडीचा आक्सल उचलून आणला. तो जीपला फारच रुंद होता. तसाच बसवला असता तर मागची चाकं पंखांसारखी बाहेर आली असती.

म्हणून आक्सलची दोन्हीकडची नळी कापायची, मधला तुकडा काढायचा आणि नळी पुन्हा जोडायची. आतले शाफ्ट आखूड करून त्यांच्या टोकांना नवे दाते पाडून आणायचे. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका आत सरकवायच्या. ऐकायला शिंप्याचं काम वाटतं. फरक एवढाच, की शिंप्याची शिवण उसवली तर माणूस फार तर लाजतो.

आप्पांनी आधी नाही म्हटलं, मग इतरांनी हे काम केलं तर कसं करतील या विचाराने हो म्हटलं. शाफ्टचं काम त्यांनी इथे करू दिलं नाही, राजकोटहून करून आणवलं. नळी जोडताना एकाच बाजूने वेल्डिंग करत गेलं की ती तापून वाकते, म्हणून ते थोडं इकडे, थोडं बरोबर समोरच्या बाजूला असे टाके घालत गेले. जोड पुरा झाला की गरम नळी गुऱ्हाळाच्या भट्टीतून आणलेल्या राखेत पुरून ठेवायची, म्हणजे ती सावकाश निवते. "आप्पा, बाळंतीण शे का ती?" असं येणारेजाणारे विचारत. आप्पा राखेवर हात ठेवून बघत.

उजवी बाजू मनासारखी झाली. डावीचा टाका अर्ध्यावर असताना लाइट गेली. लाइट आली तोवर लोखंड निवलं होतं. आप्पांनी अर्धवट टाका घासून काढला आणि नव्याने जोड घातला. पण घासताना जुना टाका तळापर्यंत निघाला की आत कुठे राहिला, हे त्यांना सांगता येईना. वरून जोड उजवीइतकाच चांगला दिसत होता. ती बाजू परत कापतो म्हणून ते हटून बसले. भैयासाहेबांचा कार्यक्रम ठरला होता, पाहुणे निघाले होते. आतलं कोणाला दिसतंय, असं भैयासाहेब हसून म्हणाले.

"दिसत नही, तेन्हीच तं भीती शे," आप्पा म्हणाले.

भीती शेवटी तारखेपुढे हरली. एकटा माणूस चालवणार, नदीकाठच्या मातीत चालवणार, तेवढ्याला जोड पुरेल, असा हिशेब करून आप्पांनी गाडी दिली. सध्या ठीक शे, हेही सांगितलं.

कार्यक्रम प्रकाशाला तापीकाठी झाला. मलाही निमंत्रण होतं, कारण व्यासपीठावर चष्मेवाला एक माणूस लागतो. प्रमुख पाहुणे साहस, तरुणाई आणि मातीशी नातं या विषयांवर बोलले. जीप इतकी उंच झाली होती, की तिच्यापुढे नारळ वाढवायला त्यांना स्टुलावर चढावं लागलं. मग भैयासाहेबांनी गाडी एका टेकडीवर चढवून उतरवली. टेकडी आदल्या दिवशी जेसीबीने केलेली होती. उत्तरेला अख्खा सातपुडा उभा असताना ती करावी का लागली, हे मी शेजारच्या कार्यकर्त्याला विचारलं. तिथे फोटोला उजेड नीट मिळत नाही, असं त्याने सांगितलं. आप्पा गर्दीच्या मागे उभे होते आणि जीप टेकडीवर असेपर्यंत त्यांनी श्वास घेतल्याचं मला दिसलं नाही.

त्यानंतर ती जीप ताडपत्रीखाली उभी राहिली. आप्पांच्या आयुष्यातले ते बरे दिवस. पुढे भैयासाहेबांना दुसरा काही छंद लागला आणि जीप विकली गेली.

आप्पांना हे कळलं ते सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हसावदच्या बाजारात. बैल बघायला आलेल्या व्याह्यांबरोबर ते तिथे गेले होते. जीपस्टँडवर एक गाडी भरत होती. मोठी चाकं जाऊन साधी चाकं आली होती, रंग बदलला होता, मागे दोन लांब बाकं टाकली होती. बाकांवर माणसं, त्यांच्या मांडीवर पोरं, मधे मिठाची पोती, टपावर माणसं आणि दोन बकऱ्या, मागच्या पायरीवर लोंबकळणारे वेगळे. सवयीप्रमाणे आप्पांनी खाली वाकून पाहिलं आणि त्यांना स्वतःच्या पिवळ्या रेघा दिसल्या.

व्याह्यांना तिथेच सोडून ते सरळ वाचनालयात आले. माझ्यासमोर बसले, टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "हाई मी एक माणूससाठे करेल व्हतं, सर," एवढंच बोलले.

जीप घेतली होती सायसिंग पावराने. वरच्या पाड्यांवरचा, आश्रमशाळेत शिकलेला, तिशीतला, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं म्हसावदला आणायची आणि परत न्यायची, हा त्याचा धंदा. वाटेत घाट, आणि घाटात एक वळण असं, की गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते आणि सगळं ओझं मागच्या आक्सलवर येतं. चढताना दरी डाव्या हाताला. आप्पांचा संशयाचा टाका डावीकडचा. पुढच्या आठवड्यांत त्यांनी दुसरा विचार केला असेल असं मला वाटत नाही.

ते सायसिंगला भेटायला गेले, आणि मला सोबत नेलं. त्यांनी त्याला सांगितलं की हा आक्सल मला परत दे, दुसरा चांगला मी आणतो, मीच बसवून देतो, तुला काही द्यावं लागणार नाही.

सायसिंगने ऐकून घेतलं. तंबाखू मळली. "आप्पा, म्हणजे नवा तुम्ही देणार, मेहनत तुमची, आणि हा जुना तुम्ही घेऊन जाणार?"

"हो."

"मग याच्यात आहे काय, ते आधी सांगा."

आप्पांनी खरं ते सांगितलं. लाइट गेल्याचं सांगितलं, जोड आतून कच्चा असेल म्हणाले, घाटात कधीही दगा देईल म्हणाले. ते जितकं बोलत गेले तितका सायसिंगचा चेहरा खुलत गेला. यात त्याची चूक नव्हती. डोंगरातला माणूस चारोळी, मोहाची फुलं, मिरची घेऊन पिढ्यान्‌पिढ्या खाली बाजारात येतो. तिथे मालाला नावं ठेवणारा माणूस म्हणजे तो माल हवा असलेला माणूस, हे त्याच्या आजानेही पाहिलेलं असतं. दाणा बारीक आहे, ओली आहे, कीड लागलीय, असं म्हणत म्हणत व्यापारी पोतं आपल्याकडे ओढतो. आणि इथे तर बनवणारा मिस्त्री स्वतः गावातून चालून आला होता, आपल्याच वस्तूला नावं ठेवत होता आणि ती परत मागत होता.

"नाही देणार, आप्पा," सायसिंग लाडाने म्हणाला. "मला आवडला आहे."

आम्ही शहाद्याला परत निघालो. आम्ही पोचायच्या आत बातमी घाट चढून गेली. सायसिंगच्या गाडीत असा काही आक्सल आहे, की खुद्द मिस्त्री त्याच्यामागे लागलाय. लोक बाकीच्या जीप सोडून त्याच्या गाडीसाठी थांबायला लागले. तिचं नावच 'मिस्त्रीवाली' पडलं. दोन जीपवाले आप्पांच्या गॅरेजवर येऊन, आम्हालाही तसलाच करून द्या, म्हणून बसले. आप्पा त्यांच्या अंगावर ओरडले. आप्पांना ओरडताना मी तेवढंच एकदा ऐकलं. जीपवाल्यांनी त्याचाही अर्थ आपल्या परीने लावला.

मग बाजाराच्या दिवशी गॅरेज बंद राहू लागलं. आप्पा हत्यारांची पिशवी घेऊन म्हसावदला जात आणि मिस्त्रीवालीत प्रवासी म्हणून बसत. मागे, डाव्या बाजूला, बरोबर त्या जोडाच्या वर. आपण बसलो की तेवढी माणसं कमी बसतील, हा त्यांचा हिशेब. झालं उलटंच. मिस्त्री स्वतः बसलाय म्हटल्यावर टपावर आणखी चारजण चढले. इंदूआक्का म्हणायची, सुरतला लेकीकडे चला म्हटलं तर यांची कंबर दुखते आणि बकऱ्यांबरोबर डोंगरात जाताना दुखत नाही.

एकदा त्या वळणावर खालून टक्‌ असा आवाज आला. गाडीत कोणालाही ऐकू आला नव्हता. आप्पांनी टपावर मूठ आपटून गाडी थांबवली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. सायसिंगने चाकामागे दगड लावले. आप्पा खाली शिरले. माणसं दरीकडे पाहत उभी राहिली, आता कोणी हसत नव्हतं. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. पाट्याच्या यू-बोल्टचा एक नट सैल झाला होता, पिवळी रेघ तुटली होती. तो त्यांनी आवळला. जोडाला काहीही झालेलं नव्हतं, केसाएवढी चीरसुद्धा नव्हती.

"काय व्हयनं, आप्पा?" एका म्हातारीने विचारलं.

"काहीच नही व्हयनं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र काहीतरी झाल्यासारखा होता. चीर दिसली असती तर सुटले असते बिचारे. निरोगी जोडाचं काय करायचं हे त्यांना कळेना. त्यांनी फक्त हात जोडून सांगितलं की एवढं वळण चालत चढा. डोंगरातल्या माणसांना त्यात काही विशेष नव्हतं, ती चालत गेली. रिकामी जीप सहज वर चढली. तेव्हापासून आप्पा गाडीत असले की तिथे सगळे उतरू लागले. गप्पा मारत, तंबाखू खात, वर जाऊन पुन्हा बसू लागले.

सायसिंगने हा किस्सा मला वाचनालयात येऊन सांगितला, हसत हसत. पण सांगून झाल्यावर म्हणाला, "सर, आता एकटा असलो तरी तिथे मला आवाज ऐकू येतो. आप्पांनी मला पण हे वेड लावून दिलं."

बहुधा त्यामुळेच पुढचं घडलं, आप्पा गावात नसताना. आप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, लेकीने त्यांना सुरतला नेलं. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात औषध घालत महिनाभर तिथेच राहावं लागलं. परत आल्यावर काळा चष्मा लावूनच ते म्हसावदला गेले, मिस्त्रीवालीखाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. आक्सल वेगळा होता.

सायसिंगने तो विकला होता. एका दलालाने चांगला भाव दिला, मालाचं नाव झालं होतंच. दलालाने वरच्या कोणा जीपवाल्याला दिला, कोणाला ते सायसिंगला ठाऊक नव्हतं. आक्सल आपल्याकडून सुटला म्हणजे आपली भीतीही सुटली, असं सायसिंगला वाटलं होतं. आप्पांचा चेहरा पाहून त्याला प्रथमच कळलं, की हा म्हातारा कधी सौदा करत नव्हता. सगळं खरं सांगत होता.

"म्हणजे तो कच्चाच होता, आप्पा?"

"माले माहीत नही, बेटा," आप्पा म्हणाले. "तेच तं सांगी ऱ्हायनू मी तुले."

त्यानंतर थोड्याच महिन्यांत आप्पांनी गॅरेज बंद केलं आणि दोघं नवराबायको कायमची सुरतला गेली. समोरच्या गाळ्यात आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. पण जाण्याआधीच्या त्या महिन्यांतले आप्पा मी एकदा पाहिले, तेवढं सांगायचं राहिलं.

वरच्या एका आश्रमशाळेला पुस्तकं द्यायची होती म्हणून मी बाजाराच्या दिवशी सायसिंगच्या जीपमध्ये पुढे बसून चाललो होतो. वळणाच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला आप्पा उभे होते, काळा चष्मा, खांद्याला पिशवी. सायसिंग सकाळीच त्यांना तिथे सोडायचा. आक्सल कोणत्या गाडीत आहे हे माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्याच गाड्या थांबवायला सुरुवात केली होती. पहिल्यांदा जीपवाल्यांनी त्यांची टर उडवली. आप्पा, टोलनाका काढला का, असं विचारलं. पण सायसिंग एकेकाला भेटून म्हणाला होता, त्यांनी हात केला की माणसं उतरवा, माझ्यासाठी उतरवा. आता आप्पांनी हात करायचीही गरज उरली नव्हती. गाडी पायथ्याला आली की बायका पोरांना कडेवर घेऊन आपणच उतरत. माझ्या शेजारच्या बाईला मी विचारलं, इथे का उतरायचं? ती म्हणाली, इथे उतरायचंच असतं. तिने कडेच्या दगडांवर एक दगड ठेवला. तिथे तसे बरेच दगड जमले होते.

मीही उतरून चालू लागलो. मागून दुसरी एक जीप आली, निळी, टपापर्यंत भरलेली. माणसं उतरली. इतर गाड्यांना ते नुसतं वाकून बघून सोडतात, असं सायसिंगने मला सांगितलं होतं. या गाडीखाली आप्पा वाकले. मग गुडघ्यावर बसले. मग चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि पाठीवर आडवे होऊन गाडीखाली सरकले. गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी वळणावर थांबलो. आमच्या गाडीतली माणसं पुढे गेली, सायसिंगने हॉर्न दिला, तरी थांबलो.

आप्पा बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीला सगळी लाल माती होती. ती झटकली नाही. ड्रायव्हरला त्यांनी काहीतरी सांगितलं, हळू, फार थोडं. ड्रायव्हरने मान हलवली आणि तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. रिकामी निळी जीप पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढायला लागली. तिच्यामागे ती माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे आप्पा, डावा हात मागच्या फाळक्यावर ठेवून, घाट चढणाऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, तिच्याबरोबर पाऊल टाकत.